विश्लेषण : पहिल्याच सेमिस्टरला कोडिंग का अडते? गणित, इंग्रजी की वर्गातला संकोच?

अ = १०. ब = २०. मग तिसरी ओळ : अ = ब. आता अ किती आणि ब किती?

उत्तर आहे, दोन्ही २०. पण बारावीपर्यंत 'बरोबर'चे चिन्ह म्हणजे 'दोन्ही बाजू सारख्या' असे शिकलेला विद्यार्थी इथे हमखास थबकतो. १० आणि २० सारखे कसे होतील? सी, जावा किंवा पायथनमध्ये हे चिन्ह तुलना करत नाही. उजवीकडच्या किमतीची प्रत काढून ती डावीकडच्या डब्यात ठेवते. डब्यातले आधीचे १० पुसले जातात. एवढे कुणी सांगितले नाही, तर पुढचे सगळे पाठांतर.

केळापूर तालुक्यातल्या मुलांना इंजिनीअरिंगसाठी बहुतेकदा यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. घरापासून दूर खोली, मेस, फी. त्यात पहिल्याच हिवाळी परीक्षेत प्रोग्रामिंगचा विषय राहिला, की घरी फोनवर काय सांगायचे हा प्रश्न उरतो. 'आपल्याला हे जमणारच नाही' हा निष्कर्षही तिथेच निघतो.

फक्त इथलीच मुले अडतात का?

नाही. ख्रिस्तोफर वॉटसन आणि फ्रेडरिक ली यांनी २०१४ मध्ये १५ देशांतील १६१ प्राथमिक प्रोग्रामिंग अभ्यासक्रमांचे निकाल एकत्र केले. उत्तीर्ण होण्याचे सरासरी प्रमाण ६७.७ टक्के निघाले. म्हणजे साधारण तिघांत एक जण अडतो. त्याआधी २००१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला दिले होते. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. ही मुले प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम शिकलेली होती.

'कोडिंगचे डोके' जन्मजात असते?

सुरुवातीचा अ-ब चा प्रश्न याच वादातला आहे. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातले सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी २००६ मध्ये असा दावा केला, की अशा प्रश्नांवरून कोण प्रोग्रामिंग शिकेल आणि कोण नाही, हे वर्ग सुरू होण्याआधीच ओळखता येते. दावा जगभर गाजला. २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच तो मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी मात्र तेवढी पसरली नाही, आणि 'काहींना येतं, काहींना येतच नाही' हे वाक्य स्टाफरूममध्ये अजूनही ऐकू येते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातले अँथनी रॉबिन्स यांनी २०१० मध्ये वेगळा खुलासा मांडला. या विषयात प्रत्येक संकल्पना आधीच्या संकल्पनेला घट्ट जोडलेली असते. व्हेरिएबल कळले तर लूप सोपा, लूप कळला तर अ‍ॅरे सोपा. सुरुवातीला मिळालेली छोटी आघाडी वाढत जाते आणि छोटी पिछाडीही. आपल्याकडच्या हिशेबाने पोळ्यापर्यंत व्हेरिएबल पक्के झाले नाही, तर दिवाळीत पुस्तक उघडून फारसा उपयोग नाही. प्रवेशाच्या उशिराच्या फेरीत कॉलेज मिळालेल्या मुलाचे नुकसान इथेच होते. त्याचे नेमके पहिले आठवडे बुडालेले असतात.

गणित की संकोच?

गणिताचा फायदा होतो, पण तो पहिल्या क्रमांकावर नाही. ब्रेंडा विल्सन आणि शॅरन श्रॉक या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये १२ घटक तपासले. सर्वांत वजनदार ठरला तो वर्गातला मोकळेपणा : विद्यार्थी लॅबमध्ये प्रश्न विचारतो का, शिक्षकांकडे जातो का, विषयाची धास्ती किती आहे. गणिताची पार्श्वभूमी त्यानंतर. परीक्षेतले यश-अपयश नशिबावर ढकलणारी मुले मागे पडलेली दिसली.

हा निष्कर्ष एकाच अमेरिकी विद्यापीठातला आहे. तरीही मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत शंका कशी विचारायची म्हणून गप्प बसते, तेव्हा तो परका वाटत नाही. केळापूरच्या कोलाम आणि गोंड वस्त्यांत तर घरची भाषा कोलामी किंवा गोंडी, शाळेची मराठी आणि कंपायलरच्या चुकांची इंग्रजी. प्रोग्रामिंगचे मोजके इंग्रजी शब्द पाठ होतात. अडते ते एरर मेसेज वाचताना आणि स्पष्टीकरण ऐकताना. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचा उपयोग इथे होतो. छोटे व्हिडिओ, पडद्यावर इंग्रजी कोड, समजावणे मराठीत. वाक्य कळले नाही तर मागे नेता येते. वर्गात सरांना मागे नेता येत नाही.

दोघांत एक संगणक असेल तर?

ही अडचणच कामाची ठरू शकते. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात जोडीने प्रोग्रामिंग करणाऱ्यांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. अट एकच : ठरावीक वेळाने कीबोर्डची अदलाबदल. एक टाइप करतो आणि दुसरा तासभर वहीत रेकॉर्ड उतरवतो, याला जोडी म्हणत नाहीत.

लॅपटॉप नसेल तर मोबाइलवरचा ऑनलाइन कंपायलर चालतो, मात्र प्रत्येक अर्धविरामासाठी कीबोर्डचे पान बदलताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय लिहिण्याआधी वाचणे जमायला हवे. २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांतल्या विद्यार्थ्यांना तयार कोड देऊन त्याचे उत्तर विचारले, तर अनेकांना तेही जमले नाही.

त्यासाठीचा सराव वहीत होतो. पानावर दोन रकाने आखायचे, एक अ चा, एक ब चा. कोडची एक ओळ वाचायची, किंमत बदलली की जुनी खोडून नवी लिहायची, मग पुढची ओळ. लूप असेल तर प्रत्येक फेरीला तेच. वीस-पंचवीस प्रोग्राम असे हाताने चालवले, की तिसऱ्या ओळीपाशी पेन्सिल थांबत नाही.