लेखाची मांडणी आणि लेखकाचा हेतू

शास्त्रीय ग्रंथ वाचताना विद्यार्थी त्यातील माहिती टिपून घेतो. परंतु लेखकाने ती त्याच क्रमाने का मांडली, असा प्रश्न त्याला क्वचितच पडतो. वस्तुतः मांडणी ही हेतूला अनुसरूनच ठरत असते. जॉन स्नो ह्या इंग्रज डॉक्टरांचा पटकीवरील ग्रंथ ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

पटकी दूषित हवेमुळे होते, असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. ती दूषित पाण्यातून पसरते, हे मत स्नो ह्यांनी १८४९ साली एका पुस्तिकेत मांडले. पण ते फारसे कोणाला पटले नाही. म्हणून १८५५ च्या विस्तृत आवृत्तीत त्यांनी पुराव्यांची रचना केली.

तीत प्रथम घटनाक्रम येतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात साथ कशी उद्भवली, तेथील सार्वजनिक पंपाविषयी संशय कसा आला आणि त्याचा दांडा कसा काढण्यात आला, हे लेखक सांगतात. साथ त्यापूर्वीच ओसरू लागली होती, हेही ते लपवीत नाहीत.

परंतु एकामागून एक घटना घडल्या, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. म्हणून पुढे तुलना येते. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यातून गेलेले होते. शेजारच्या घरांत हवा तीच. पाणी मात्र निराळे. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी सांडपाण्याने दूषित झालेले टेम्स नदीचे पाणी पुरवी. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या अंगाचे पाणी घेई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५, तर दुसरीच्या ग्राहकांत ३७ मृत्यू झाले.

ग्रंथाच्या अखेरीस हात धुणे, पाणी उकळणे इत्यादी उपाय दिले आहेत. तेथे लेखकाचा हेतू पूर्णपणे उघड होतो: वाचकाला माहिती देऊन ते थांबत नाहीत, त्याचे मत पालटून त्याला कृतीस प्रवृत्त करू पाहतात.

कोणताही उतारा वाचताना ‘त्यानंतर’, ‘याउलट’, ‘म्हणून’ ह्या शब्दांकडे लक्ष द्यावे. पहिला क्रम दाखवितो, दुसरा तुलना, तिसरा कार्यकारणभाव. मग लेखक आपल्याला कोठे नेत आहे आणि तेथवर जाण्यास त्याचा पुरावा पुरेसा आहे काय, हे वाचकाला स्वतःच ठरविता येते.