कोयनेचा भूकंप आणि धरणाचं पाणी

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर साखरझोपेतच कोसळलं. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे दोनशे माणसं दगावली आणि मुंबईचा वीजपुरवठा तुटला. दख्खनचं पठार अढळ आहे, हा जाणकारांचा समज तिथेच मोडीत निघाला.

‘पाण्याच्या वजनानं जमीन खचली,’ असं आजही पारावर ऐकू येतं. वजनाचा वाटा असतोच, पण खरी करामत पाझराची. १९६२च्या सुमारास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला आणि पाठोपाठ लहान धक्के सुरू झाले. पाणी फटींतून काही किलोमीटर खोल झिरपतं, तिथे दाब वाढवतं. जमिनीतल्या जुन्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट आवळून असतात. हा दाब ती पकड सैल करतो आणि खडक सरकतो. मात्र ताण आधीच साठलेला हवा, पाणी फक्त निमित्त होतं. म्हणून तर प्रत्येक धरणाखाली जमीन हादरत नाही.

पुढे अभ्यासासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल विंधण घेतली. वरचा काळा कातळ सुमारे सव्वा किलोमीटर, त्याखाली थेट ग्रॅनाइट.

आणि १०३ मीटर उंचीचं धरण? ते उभं राहिलं, पण भिंत वरच्या अंगाला जिथे एकदम निमुळती होते, नेमक्या तिथेच आडव्या चिरा पडल्या. नंतर भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू देण्यात आले. पावसाळ्यानंतर त्या परिसरात अजूनही भूकंपाचे छोटे धक्के बसतात.