हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा

“आता गं बया! वाकळ पांघरून कुठं निघालीस?”

शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं आणि मला हसावं की आत पळावं, कळेना. माझं वय ४६. अंगात पंजाबी ड्रेस, त्यावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा मोठ्या बाह्यांचा अंगरखा, कानात उगवत्या सूर्याचं चित्र काढलेले पुठ्ठ्याचे लांबट डूल आणि पाठीला कार्डबोर्डची पेटी. मंडळाच्या बैठकीत कडक इस्त्रीची साडी नेसून बसणारी मी ती हीच का, असं काकूंना वाटलं असणार. मलाही तेच वाटत होतं.

ही गोष्ट २०२४ च्या एप्रिलमधली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘कॉमिक कॉन’ नावाचं संमेलन होतं. आपल्याकडं साहित्य संमेलन भरतं ना, तसं हे चित्रकथा, कार्टून आणि व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचं. भारतात ते २०११ साली पहिल्यांदा दिल्लीत भरलं आणि त्याच वर्षी मुंबईतही आलं. तिथं पुष्कळ जण आपल्या आवडत्या पात्राचा वेश करून जातात. त्याला म्हणतात ‘कॉस्प्ले’. मला हा शब्द माझ्या लेकीनं शिकवला. पण त्याआधी थोडं तिच्याविषयी सांगायला हवं.

बारावीनंतर तिनं दोनदा ‘नीट’ दिली. दोन्ही वेळा मेडिकलला लागतील एवढे गुण पडले नाहीत. तिसऱ्यांदा तयारी सुरू होती. फॉर्म भरला होता, क्लासची फी भरली होती, पोरगी सकाळी सातला टेबलाशी बसत होती. पण घरात ती बोलेनाशी झाली होती. “जेवलीस?” “हं.” “टेस्ट कशी गेली?” “बरी.” दीड वर्ष आमचं एवढंच संभाषण! मी आठवड्यातून तीन दिवस महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात बसते. सासू-सुनांचं, नवरा-बायकोचं ऐकून घेते. ‘ताईंसमोर माणूस मोकळं होतं,’ असं बायका म्हणतात. आणि माझ्याच घरात ही कोंडी! कोट्याच्या मुलांच्या बातम्या वाचल्या, की मी रात्री उठून तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहायचे. श्वास ऐकू आला, की परत येऊन पडायचे.

फेब्रुवारीत एकदा तिच्या जीवशास्त्राच्या वहीची मागची पानं माझ्या हाती लागली. सगळी चित्रांनी भरलेली! एकच मुलगी पुन:पुन्हा काढलेली. लांब केस, झग्यासारखा पोशाख, तोंडात बांबूची कांडी. पहिल्यांदा मी रागावलेच, खोटं कशाला सांगू? मग मनात काय आलं कुणास ठाऊक, विचारलं, “ही कोण गं?”

आणि ती बोलली. ही नेझुको. ‘डीमन स्लेअर’ नावाची कोयोहारू गोतोगे यांची जपानी चित्रकथा आहे, २०१६ ते २०२० या काळात तिथल्या साप्ताहिकात आलेली. शंभरेक वर्षांपूर्वीचं जपान. तांजिरो नावाचा मुलगा कोळसा विकून घर चालवतो. एका रात्री राक्षस त्याच्या घरच्यांना मारतो. वाचते ती बहीण नेझुको, पण तीही राक्षसीण होते. तिनं कुणाला चावू नये म्हणून तोंडात बांबू. उन्हानं ती जळू नये म्हणून भाऊ तिला पेटीत घालून पाठीवर वागवतो. तिला पुन्हा माणूस करण्यासाठी वणवण फिरतो.

“तिला बोलता येत नाही आई. पण तिला सगळं कळतं,” लेक म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “मला हिचा वेश करून मुंबईला जायचंय. एकदाच.”

तारखा बघितल्या. संमेलन २० आणि २१ एप्रिलला, परीक्षा ५ मेला. आमच्या ह्यांचा पारा चढला. “पंधरा दिवसांवर परीक्षा आणि मायलेकी सोंगं काढायला निघालाय?” त्यांचं चूक होतं असंही नाही. फीचे हप्ते त्यांच्याच पगारातून जात होते. पण दीड वर्षात पोरीनं तोंडानं मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मी ‘जाऊ’ म्हटलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

विकत घ्यायचं तर अशा पोशाखाला चांगलेच पैसे पडतात. म्हटलं, घरात मशीन आहे, मंडळात शिवणवर्ग आहे, मग विकत कशाला? इचलकरंजीचं पॉपलीन आणलं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला किमोनो म्हणजे अगदीच सोपा. टक्स नाहीत, मुंढ्याचा गोल नाही, सगळे सरळ पट्टे. जपानात एका अरुंद, साधारण बारा मीटर लांबीच्या तागातून अख्खा किमोनो बेततात, चिंधीसुद्धा वाया जात नाही. शिवणवर्गातल्या बायकांना हे फार आवडलं. “चिंधी जाईत न्हाई? मग आपल्या वाकळंला काय उरतंय?” एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या.

नेझुकोच्या गुलाबी किमोनोवर षटकोनी चांदण्यांसारखी नक्षी असते. तिला ‘असानोहा’ म्हणतात, म्हणजे भांगेच्या जातीतल्या अंबाडीसारख्या झाडाचं पान. ते झाड भराभर आणि सरळसोट वाढतं. आपलं बाळही तसंच वाढावं म्हणून जपानी आया तान्ह्यांच्या कपड्यांवर ही नक्षी घेत. आम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर ती कोरून घेतली आणि फॅब्रिक पेंटनं चार संध्याकाळी ठसे मारत बसलो. बांबूची कांडी बुरुडाकडून आणली. साध्या सपातांच्या पट्ट्यांना गुलाबी कापड गुंडाळलं. केसांचा टोप तेवढा विकत. एकूण खर्च अठराशे रुपये.

तांजिरोचा अंगरखा खरं तर माझ्या भाच्यासाठी होता. तो भाऊ होणार होता. ते काम सासूबाईंनी मागून घेतलं. “चौकड्याच जोडायच्यात न्हवं? वाकळंचंच काम. आण हिकडं, मी करतो,” म्हणाल्या. पाच-पाच इंचांचे १९० तुकडे त्यांनी हातानं जोडले. या चौकड्यांना जपानीत ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटानं रंगभूमीवर चौकड्यांचा पोशाख घातला, बायकांनी तसलं कापड उचलून धरलं आणि नक्षीला नटाचंच नाव पडलं. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “त्यात काय! बालगंधर्वांचं लुगडं बघून आमच्या आज्ज्या तसंच नेसायच्या की.”

खरंच की! आणि आपण म्हणायचं, हे परदेशी थेर! नवरात्रात रोज वेगळ्या रूपात सजलेली अंबाबाई बघत आपण लहानाचे मोठे झालो. गणपतीतले सजीव देखावे, सोंगी भजनं, बहुरूपी आपलेच. बाबूराव पेंटरांनी इथंच पोशाख, पडदे आणि कॅमेरा एका हातानं सांभाळत १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. आणि परदेशातही या वेशांची सुरुवात एका बाईच्या शिलाईनं झालीय बरं का. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथं फॉरेस्ट अॅकरमन हा तरुण आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस असे दोघे भविष्यकाळातल्या माणसांचा वेश करून गेले. दोन्ही पोशाख मर्टलनं शिवले होते. पण पुढं कित्येक वर्षं नाव झालं ते त्याचंच. शिवणारीचं नाव मागं पडतं, ते तिकडंही तसंच!

निघायच्या दोन दिवस आधी भाच्याच्या कॉलेजची परीक्षा आडवी आली. लेक म्हणाली, “राहू दे. भाऊ नसला तर नेझुकोला अर्थ नाही.” तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा बंद झाला. सासूबाईंनी अंगरखा उचलला आणि माझ्या अंगावर टाकला. “हिला हुतोय की!”

अशी मी तांजिरो झाले. आणि काकूंनी मला त्याच अवस्थेत पकडलं.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. सकाळी दादरला उतरून नात्यातल्या एकींकडं आंघोळ उरकली आणि कुर्ल्याहून रिक्षा केली. रिक्षात मी अंगरखा पिशवीतच ठेवला होता, लाज वाटत होती. पण दाराशी पोचलो आणि लाज कुठल्या कुठं गेली. चार-पाच स्पायडरमॅन रांगेत वडापाव खात उभे! योगा मॅट कापून केलेली चिलखतं, पुठ्ठ्याचे पंख, रंगवलेले चेहरे. दारावर नकली तलवारी तपासून आत सोडत होते. एक मुलगी सुईदोरा घेऊन दुसरीचा उसवलेला झगा टाचत बसली होती. तिथं मी सरळ मदतीला बसले. शिवण आलं, की मी घरचीच!

आत गेल्यावर एक जण लेकीचे फोटो काढायला लागला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी पुढं होणार, तोच लेकीनं तोंडातली कांडी काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आधी विचारायचं. मग फोटो.” तो वरमला, ‘सॉरी’ म्हणून निघून गेला. नंतर तिनं सांगितलं, की वेश केला म्हणजे वाटेल तसं वागायची परवानगी दिली असं होत नाही, हा या संमेलनांचा नियमच आहे. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली तसे मोठे फलक लावले होते. आपल्या जत्रांतही लावायला हवेत, असं माझ्या मनात आलं.

मग पाच-सहा वर्षांची एक छोटी आईचा हात सोडून आली आणि किमोनोवर बोट ठेवून म्हणाली, “ही फुलं कुठं मिळतात?” लेक खाली बसली. एक्स-रेची फिल्म कशी कापायची, रंग फार पातळ का करायचा नाही, पहिला ठसा कसा फिसकटला आणि आजीनं त्यावर कशी हळद सांडली, सगळं सांगत राहिली. चांगली दहा मिनिटं. मी पेटी पाठीवर घेऊन मागं उभी होते. डोळे पुसायला अंगरख्याची बाही होतीच.

आम्ही स्पर्धेत नाव दिलं नव्हतं, बक्षीस नाही. पण “तांजिरो आँटी, एक फोटो?” असं विचारणारी पोरं मोजता मोजता मी थकले.

परतीच्या गाडीत दिवे बंद झाल्यावर वरच्या बर्थवरून आवाज आला, “आई, मी पाच तारखेला पेपरला बसणार नाही. मला डॉक्टर व्हायचंच नाहीये. दोन वर्षं सांगायचं होतं.”

माझ्या पोटात खड्डा पडला. फीचे पैसे, ह्यांचा राग, नातेवाईक, सगळं डोळ्यांपुढं आलं. ओठांवर आलेलं ‘एवढी एकदा दे’ मी गिळलं. म्हटलं, “मग आधी का नाही बोललीस?” ती म्हणाली, “तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त, अभ्यास झाला का, विचारायचा.”

केंद्रात बसून दुसऱ्यांना ‘ऐकायला शिका’ सांगणारी मी! काय उत्तर देणार?

घरी वादळ झालं. हे आठ दिवस आम्हा दोघींशी धड बोलले नाहीत. शेवटी सासूबाईंनीच त्यांना बसवून समजावलं. लेक आता इथंच चित्रकला शिकतेय. पुढं तिचं काय होईल, मला माहीत नाही. काळजी वाटतेच. पण हल्ली जेवताना ती इतकी बडबडते, की हे म्हणतात, “अगं, जरा बांबू घाल तोंडात!” आणि मग तेच सगळ्यात मोठ्यानं हसतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिवणवर्गाला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दोन किमोनो शिवायचं काम मिळालं. माझा अंगरखा मात्र कपाटात घडी करून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, थंडीत पांघरायला काढ. पण मी काढत नाही. लेक म्हणालीय, पुन्हा जायचंय.