लहान व्यावसायिक आणि जाहिरात : काही अनुभव

संस्थेची स्मरणिका हाती पडली की बहुतेक वाचक प्रथम अध्यक्षांचे मनोगत उघडतात. आम्ही मात्र मागची पाने उघडतो, कारण तेथे आपल्या सभासदांच्या व्यवसायांच्या जाहिराती असतात. गेल्या चार-पाच अंकांतील जाहिराती आम्ही एकदा वहीत उतरवून पाहिल्या. निम्म्याहून अधिक जाहिरातींत "स्मरणिकेस हार्दिक शुभेच्छा", त्याखाली दुकानाचे नाव, मालकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि "प्रो. प्रा." एवढाच मजकूर होता. दुकानात काय मिळते, दुकान कोठे आहे, किती वाजता उघडते, काहीच नाही. अर्ध्या पानाचे पैसे मोजून आपल्या बांधवाने आपला फोटो छापून घेतला. संस्थेला मदत झाली हे खरे, परंतु धंद्याला काय मिळाले?

मार्केटिंग हा विषय आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि गेली वीसएक वर्षे बँकेत कारकून आहोत. परंतु कर्जाचा अर्ज भरण्यापासून शेवटचा हप्ता फिटेपर्यंत, किंवा तो न फिटेपर्यंत, लहान व्यवसाय कसा चालतो हे काउंटरच्या आतून दिसते. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्याची नोंद सिबिलमध्ये जाते. पुढे मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी तोच बाप सहकर्जदार म्हणून सही करावयास येतो, तेव्हा संगणकावर त्याचे जुने थकलेले खाते उभे राहते. अशा वेळी विद्यार्थिनीचा चेहरा पाहवत नाही. म्हणून हा विषय केवळ दुकानदारांचा आहे असे आम्ही मानत नाही.

आमचा अनुभव असा की, माल वाईट म्हणून बंद पडलेली दुकाने आम्ही कमी पाहिली. माल चांगला होता, पण तो मिळतो हे योग्य माणसाला योग्य वेळी कळले नाही, अशीच अधिक पाहिली. कर्जाचा अर्ज भरताना यंत्राची किंमत पै-पैशासह लिहिलेली असते आणि प्रसिद्धीसाठी एक रुपयाही धरलेला नसतो.

आपल्याच वस्तीतील एका भगिनीचे उदाहरण सांगतो. त्यांनी मुद्रा योजनेतून दीड लाखाचे कर्ज काढून मिरची कांडप यंत्र घेतले. सारी रक्कम यंत्र, वीजजोडणी आणि गाळ्याच्या अनामतीत गेली. दिवाळीत गर्दी असते म्हणून त्यांनी उसनवार करून दोन हजार पत्रके छापली आणि वर्तमानपत्रांतून शहरभर घरोघर टाकली. त्या पत्रकावरून आलेली गिऱ्हाईके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. जानेवारीत दोन हप्ते थकले.

चूक पत्रकाची नव्हती. वर्षाचा मसाला करतात मार्च ते मेमध्ये, उन्हात मिरची कडक वाळते तेव्हा. दिवाळीत त्या पत्रकाचा कोणाला उपयोग? दुसरे असे की, चार-पाच किलो मिरची, धणे, खोबरे घेऊन बाई किती लांब जाईल? फार तर एक-दीड किलोमीटर. शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकलेली पत्रके पाण्यात गेली. धंद्याची हद्द किती आणि हंगाम कोणता, हे दोन प्रश्न आधी सोडवले असते तर पाचशे पत्रकांत काम झाले असते.

त्याहून मोठी गोष्ट त्यांना गिऱ्हाइकांकडूनच कळली. कांडपवाल्याविषयी गृहिणीच्या मनात एक धास्ती असते : आधीच्या बाईचा मसाला यंत्रात राहतो, तो आपल्यात मिसळतो, आपल्या ब्याडगीचा रंग बिघडतो, आणि आपण पाठ फिरवली की माल बदलतो. या भगिनींनी गाळ्यावर एक ओळ लिहून लावली : "यंत्र आपल्यासमोर साफ करून, आपल्यासमोर दळून मिळेल." बसायला दोन खुर्च्या ठेवल्या. त्या हंगामात गर्दी झाली आणि थकलेले हप्ते मे अखेर भरले गेले. आमच्या मते जाहिरातीचा मजकूर असा असावा. "उत्तम दर्जा, वाजवी दर, एक वेळ अवश्य भेट द्या" हे तर प्रत्येक दुकानावर लिहिलेले असते, ते कोणी वाचत नाही. गिऱ्हाइकाच्या मनातील भीती कोणती हे ओळखून तिचे उत्तर लिहावे. शिलाईवाल्याकडे भीती असते कपडा वेळेवर न मिळण्याची, वायरमनकडे असते बोलावून न येण्याची, मंडपवाल्याकडे ऐनवेळी खुर्च्या कमी पडण्याची.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. मार्केटिंगच्या पुस्तकांत तो सापडत नाही, परंतु आपल्या वाचकांना सांगावाही लागत नाही. खाण्याच्या वस्तूंचा धंदा असेल तर पाटीवर आडनाव लिहावे की नाही? या भगिनींना नातेवाइकांनी सल्ला दिला की आडनाव नको. त्यांनी स्वतःचे पहिले नाव दुकानाला दिले. पुढे क्यूआर कोड आला. गिऱ्हाईक कोड स्कॅन करते तेव्हा त्याच्या मोबाईलवर खातेदाराचे पूर्ण नाव उमटते, आणि खाते होते बचत खाते. पाटीने जे सांगितले नाही ते मोबाईलने सांगितले. दोन-तीन बायका नाव वाचून थांबल्या, गावाचे नाव विचारले आणि पुन्हा आल्या नाहीत. बाकीच्या येत राहिल्या.

त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा आम्ही दुकानाच्या नावाने चालू खाते उघडण्यास सांगितले. ते धंद्याच्या दृष्टीनेही योग्यच असते. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आणि गुमास्ता विभागाची पावती हे व्यवसायाचे दोन पुरावे लागले. (उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिचे हजार रुपये घेणारे दलाल जागोजाग बसले आहेत, त्यांस एक पैसाही देऊ नये.) आम्ही जरा भीतभीतच विचारले, "ताई, मग आडनाव लपवायचेच ठरले का?" त्या म्हणाल्या, "लपवायचं नाही भाऊ. कोणी विचारलं तर मी सांगते. पण मसाला चाखायच्या आधीच कोणी निघून जाऊ नये, एवढंच." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. सभेत व्यासपीठावरून आडनाव अभिमानाने लावा असे सांगणे सोपे असते, कर्जाचा हप्ता मात्र सांगणाऱ्याच्या खात्यातून जात नाही. ज्याचा त्याने निर्णय घ्यावा. फक्त जे नाव ठरेल ते पाटीवर, पावतीवर, खात्यावर आणि पुडीवर एकच असावे. चार ठिकाणी चार नावे असली की गिऱ्हाइकाला शंका येते.

जाहिरात ही किती मोठी सत्ता आहे याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1920 सालच्या जानेवारीत दोन नियतकालिके निघाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने आपली बातमी ग्राहकांपर्यंत पोहोचविण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना ज्यांनी नांगर विकले, त्यांना गिऱ्हाइकाशी सतत बोलत राहण्याचे महत्त्व समजले होते. त्याच महिन्याच्या 31 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले. त्याची साधी जाहिरात, रोख पैसे देण्याची तयारी असूनही, 'केसरी'ने छापली नाही. पैसे असूनही जागा मिळत नाही असा तो काळ होता. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यावर दोन ओळी प्रसिद्ध करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. तरीही आपण त्याचा उपयोग बहुधा सकाळच्या फुलांची चित्रे पाठविण्यासाठीच करतो.

मोबाईलबाबत थोडे सांगतो. व्हॉट्सॲपची व्यवसायासाठी वेगळी आवृत्ती आहे, ती विनामूल्य आहे. तीत दुकानाची वेळ, पत्ता आणि मालाची चित्रे भावासह लावता येतात. परंतु समाजाच्या शे-दोनशे जणांच्या ग्रुपवर जाहिरात टाकून भागत नाही, कारण ती जयंतीच्या सूचनांत आणि वाढदिवसांत वाहून जाते. त्यापेक्षा गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट यादी करावी. येथे एक मेख आहे. ज्याने आपला क्रमांक आपल्या मोबाईलमध्ये जतन केला आहे त्यालाच असा संदेश पोहोचतो. म्हणून माल देताना "ताई, नंबर सेव्ह करा, हंगामाची वेळ कळवू" असे म्हणावे आणि तेथल्या तेथे करून घ्यावे. आठवड्यातून एकापेक्षा अधिक संदेश पाठवू नये. लोक कंटाळतात आणि बंद करतात.

गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करावी. तीही विनामूल्य असते. "आम्ही गुगलकडून बोलतो, पैसे भरा नाहीतर दुकान नकाशावरून काढू" असा फोन आला तर तो ठकाचा समजावा. तसेच पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज सांगतो आणि तरीही दर महिन्याला कोणीतरी रडत येते.

पाटीविषयी कायदा माहीत असावा. महाराष्ट्रात 2022 सालच्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली असून मराठी अक्षरे अन्य भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. पाटीवर सर्वांत मोठे अक्षर मालकाच्या नावाचे नको, कामाचे असावे. रस्त्यावरून जाणाऱ्यास "कांडप" हा शब्द आधी दिसला पाहिजे. भिंतीवर आणि विजेच्या खांबावर पत्रके चिकटवू नयेत. त्यासाठी 1995 पासून मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे. पुडी बांधून विकणार असाल तर तीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा. पुष्कळांना हा जाच वाटतो. आम्हास विचाराल तर लहान माणसासाठी ही फुकटची जाहिरात आहे, कारण अनोळखी गिऱ्हाईक पुडी उलटी करून हेच वाचते. मात्र "मधुमेह मुळापासून बरा" असले काही छापू नये. तो 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

समाज हा आपला पहिला ग्राहक असतो, तसाच तो असावा. परंतु तो एकमेव ग्राहक झाला की धंदा उधारीत बुडतो. "आपलाच माणूस आहे" या वाक्याने जितकी दुकाने चालली तितकीच बसलीही आहेत. चवदार असेल तर पहिली छोटी पुडी फुकट द्यावी, ती जाहिरात असते. उधारी म्हणजे जाहिरात नव्हे.

आणखी एक ग्राहक आपण विसरतो, तो म्हणजे सरकार. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. हा भाग सध्या 25 टक्के आहे. त्यांतील 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि 3 टक्के महिलांसाठी आहेत. अशा उद्योगांना निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रक्कम माफ असते. 358 वस्तू तर फक्त याच उद्योगांकडून घ्यावयाच्या आहेत. तरी आपला 4 टक्क्यांचा हिस्सा अनेक वर्षे पुरता भरला गेला नाही. गणवेश शिवणारे, छपाई करणारे, फर्निचर करणारे आपले किती सभासद आहेत! 2016 पासून ही खरेदी 'जेम' या संकेतस्थळावर होते. तेथे नोंदणी कशी करावयाची हे पदवीच्या विद्यार्थ्याला एका दुपारी समजेल. सुट्टीतील विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतील एकेका व्यावसायिकाची उद्यम, जेम आणि नकाशावरील नोंद करून द्यावी, अशी आमची त्यांना विनंती आहे. दोन्ही पक्ष शिकतील.

शेवटी हिशेब. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारावे, "आमचे नाव कोठून कळले?" आणि उत्तर वहीत लिहावे. समजा पत्रकांवर 3,000 रुपये गेले आणि 15 गिऱ्हाईके आली, तर एका गिऱ्हाइकामागे 200 रुपये पडले. ते एकदाच येणार असेल तर तोटा. दर वर्षी येणार असेल, सोबत जावेला आणणार असेल, तर फायदा. ही वही नसेल तर पुढच्या वर्षी पैसा कोठे घालावयाचा हे कळत नाही. वर उल्लेखिलेल्या भगिनींच्या वहीत सर्वाधिक वेळा "शेजारणीने सांगितले" असे लिहिलेले आम्ही पाहिले. त्याखालोखाल गाळ्यावरची ती ओळ. वर्तमानपत्रातील पत्रक शेवटी.

याच स्मरणिकेत त्यांची पाव पानाची जाहिरात आहे. पहिला मसुदा नेहमीसारखा होता, फोटो आणि शुभेच्छा. आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा लिहिला : "मिरची व मसाला कांडप. यंत्र आपल्यासमोर साफ करून दळून मिळेल. अर्धा किलोपासून. मार्च ते मे सकाळी 7 ते रात्री 9, इतर महिन्यांत सकाळी 10 ते 6, मंगळवारी बंद. मिरची देठ काढून, कडक वाळवून आणावी. बुद्ध विहाराच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ." फोटो काढून टाकल्यामुळे त्यांचा मुलगा थोडा नाराज झाला. शुभेच्छांची ओळ मात्र खाली बारीक अक्षरांत ठेवली आहे.