फाळक्यांचा वाटाणा

पोट्टेहो, आपल्या चिखली-मेहकरकडे पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. 70 उगवले की बियाणं पेरायला हरकत नाही. पण दाणा उगवताना कुणी पाहिलाय? आज दाणा, परवा कोंब. मधलं सगळं आपल्या नजरेतून निसटतं, कारण इतकी सावकाश हालचाल डोळ्यांना कळतच नाही.

1912 साली एका माणसानं ती पडद्यावर दाखवली. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. आधी गोध्र्यात फोटोग्राफर, मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, मग छपाईचा धंदा. चाळिशी उलटल्यावर लंडनला गेले आणि विल्यमसनचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमाला पैसा हवा, आणि असल्या नव्या धंद्यात पैसे घालायला सांगितलं तर कुणीही वाटाण्याच्या अक्षताच लावणार. फाळक्यांनी खरोखरचा वाटाणाच कुंडीत पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा उभा केला!

महिन्याहून जास्त दिवस चित्रण चाललं. त्यातून फिल्म झाली जेमतेम मिनिटभराची. तेव्हा पडद्यावर सेकंदाला साधारण 16 चित्रं सरकायची, म्हणजे मिनिटाला हजाराच्या आसपास. महिन्याचं मिनिट केलं की काळ 40 हजार पटींहून जास्त वेगानं पळतो. मधेच कॅमेरा तसूभर हलला असता, तर रोपानं पडद्यावर टुणकन उडी मारली असती.

आता वाटाण्याची करामत ऐका. पाणी पिऊन तो टम्म फुगतो. आधी बाहेर येतं मूळ. दाणा कसाही पडलेला असो, ते खालीच वळतं. मागून कोंब निघतो तो मान वाकवून, म्हणजे माती ढकलताना शेंड्याला इजा नको. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतं, वाटाणा त्या मातीतच ठेवतो. पुढे वेलीला नाजूक तणावे फुटतात आणि आंधळ्याच्या काठीसारखे हवेत गोल गोल फिरत आधार चाचपतात. काडीला स्पर्श झाला, की तणाव्याची पलीकडची बाजू भराभर वाढते आणि तो काडीला विळखा घालतो.

‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. ती पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या, कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग उभे राहिले, आणि 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा लागला. सत्यवादी राजाचा मान मोठाच, पण फाळक्यांच्या कॅमेऱ्यासमोर वाटाणा त्याच्या आधी उभा राहिला होता, हे माझ्या लेखी जास्त मोलाचं.

तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्स असतंच. काचेच्या पेल्यात ओला कापूस घालून काचेला टेकेल असा वाटाणा ठेवा, फोन पक्का बसवा, चार्जरला लावा आणि हात लावू नका. फक्त फोन ज्याचा असेल, त्याला आधी विचारा.