लिनालोच्या मळ्यातलं घर

मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ची वाताहत मुंबईकरांना ठाऊक आहे. पण पहिले पती हिमांशू रॉय यांच्यासोबत १९३४ मध्ये हा चित्रपट स्टुडिओ उभारणाऱ्या अभिनेत्री देविकाराणी पुढे कुठे गेल्या, हे फारसं कुणी सांगत नाही. १९४५ मध्ये त्यांनी चित्रपटसृष्टी सोडली, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी लग्न केलं आणि काही वर्षांनी बंगळूरजवळ शेतावर मुक्काम टाकला. शहराच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यालगत, तातगुणी नावाच्या गावी.

मळा सुमारे ४७० एकरांचा. झाडी, तळं, राहतं घर आणि रोरिक यांचा स्टुडिओ. पलीकडच्या बन्नेरघट्टाच्या जंगलातले हत्ती या बाजूला येतात. मळ्याचं मुख्य पीक मात्र धान्य नव्हतं, ते होतं लिनालो. हे मूळचं मेक्सिकोचं झाड. त्याच्या फळांच्या सालीतून सुगंधी तेल निघतं आणि ते अत्तरं, साबण यांच्या धंद्यात वापरलं जातं. रोरिक दांपत्याची ओळख चित्रपट आणि चित्रकलेमुळे, पण तातगुणीत त्यांनी शेती केली, तीही इथे फार थोड्यांना माहीत असलेल्या पिकाची.

याच झाडाने पुढे मळ्याचं भवितव्य ठरवलं. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्याने शेतजमिनीवर कमाल मर्यादा घातली, कंपन्यांना शेतजमीन बाळगण्यास मनाई केली. लिनालोखालच्या जमिनीला मात्र त्यातून सूट होती. दोघंही थकले, मूलबाळ नव्हतं. १९९१ मध्ये मळ्याचा काही भाग एका कंपनीला विकला गेला. ३० जानेवारी १९९३ रोजी रोरिक गेले. ८ मार्च १९९४ रोजी राज्य सरकारने लिनालोची सूट काढून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी देविकाराणी गेल्या.

मग मळ्याचा वाद कोर्टात गेला. १९९६ मध्ये सरकारने खास कायदा करून मळा ताब्यात घेतला. त्याला दिलेलं आव्हान अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी निकाल लागला: कायदा वैध. मालमत्तेचा हक्क मूलभूत उरलेला नसला तरी तो घटनात्मक आहे, आणि तो काढून घ्यायचा तर कायदा हवा, सार्वजनिक हेतू हवा, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आज भूसंपादनाच्या वादात वकील या निकालाचा आधार घेतात, त्यामागे तातगुणीचा हा मळा आहे.

स्वेतोस्लाव यांचे वडील निकोलस रोरिक यांनी युद्धकाळातही कलावास्तूंना संरक्षण मिळावं म्हणून आंतरराष्ट्रीय करार घडवून आणला होता. १९३५ मध्ये वॉशिंग्टनला त्यावर सह्या झाल्या. त्या घराण्याच्या या ठेव्याला भारतीय कायद्याने आधार दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण संपादन म्हणजे जतन नव्हे. स्वेतोस्लाव यांची चित्रं कर्नाटक चित्रकला परिषदेत पाहता येतात. त्यांचं घर, स्टुडिओ आणि लिनालोची झाडं यांना मात्र दालनात हलवता येत नाही. बंगळूरची वस्ती कनकपुरा रस्त्याने मळ्यापर्यंत येऊन ठेपली आहे. जमीन सार्वजनिक हेतूसाठी घेतली असेल, तर तो हेतू तिथल्या झाडांमध्ये आणि लोकांना खुल्या झालेल्या घरात दिसला पाहिजे. नुसती भिंत जपून तातगुणी उरणार नाही, मळा मळा म्हणूनच जपावा लागेल.