मूल समितीकडे गेलं, तर आई-बापाचा हक्क संपतो का?

वडोदरा : नंदुरबार-धुळ्याकडून इकडे मजुरीला आलेल्या कुणाचं लेकरू स्टेशनवर एकटं सापडलं, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार त्याला 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. तेवढ्यानं पालकांचा हक्क जात नाही. समिती चौकशी करते, आई-बापांना शोधते. घर महाराष्ट्रात निघालं तर तिकडच्या समितीशी बोलून मूल पाठवता येतं.

खरी घाई आहे ती मुदतीची. कुणीच पुढे आलं नाही तर समिती मुलाला दत्तकासाठी ‘कायदेशीर मुक्त’ जाहीर करते. दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर 2 महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर 4 महिन्यांत. पुढे दत्तकाचा आदेश निघाला की जन्मदात्यांशी कायद्यानं नातं तुटतं. 2022 पासून हा आदेश कोर्ट नाही, जिल्हाधिकारी देतात. स्वतःहून मूल सोपवणाऱ्यांना मात्र फेरविचाराला 2 महिने मिळतात.

पोलिसांच्या धास्तीनं लपून बसणं सगळ्यात महागात पडतं. मुलाची हयगय केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आहे हे खरं. पण नाइलाजानं मूल सोडावं लागलेल्या जन्मदात्यांना कायद्यानंच त्यातून वगळलंय. मूल हरवलं असेल तर आधी 1098 वर फोन करा.